जुनी स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घेताय? आधी मान बघा, रंग नंतर

तू विचारलंयस ते थोडक्यात असं की तू न्यू जर्सीत शिकतोयस, जवळच्या एका घरातलं जुनं सामान विकायला काढलंय आणि त्यात दोन गिटारी आहेत. एक सिल्व्हरटोन १४४८, जिच्या केसमध्येच ॲम्प बसवलेला आहे, आणि दुसरी टेस्को डेल रे, चार पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग), अंगभर बटणं असलेली. दोन्ही १९६० च्या दशकातल्या. बजेट ४०० डॉलर, डिसेंबरमध्ये नाशिकला घेऊन जायची इच्छा, आणि रूममेट म्हणतो की ही खेळणी आहेत, एवढ्या पैशात नवी घे.

रूममेटचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. आज २०० डॉलरला मिळणारी नवी गिटार मशीनवर कापलेली असते, फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या अचूक जागी असतात, मान सरळ असते, ट्यूनिंग टिकतं. तुझ्याकडे एकही गिटार नसेल आणि शिकायलाच सुरुवात करायची असेल तर डोळे मिटून नवी घे, जुनीच्या मागे लागून हात दुखवून घेशील आणि वाजवणंच सोडशील. पण तू लिहिलंयस की सहा-सात वर्षं वाजवतोयस आणि एक बरी गिटार घरी आहेच, मग गोष्ट वेगळी. मग तू दुसरा आवाज शोधतोयस, आणि तो आवाज नव्या २०० डॉलरच्या गिटारीत नाही, मी शंभरदा लावून बघितलंय.

मी मूळचा पुण्याचा, गेली बावीस वर्षं इथे एडिसनजवळ राहतो, घराच्या तळघरात गिटार दुरुस्तीचं काम करतो. लहानपणी बाबांबरोबर रविवारी जुन्या बाजारात जायचो, ते रेडिओचे सुटे भाग शोधायचे आणि मी नुसता बघत बसायचो की जमिनीवर पसरलेल्या ढिगाऱ्यातनं त्यांचा हात बरोब्बर चालू असलेल्या वस्तूकडेच कसा जातो. इथे आल्यावर इंग्लिशटाउनच्या बाजारात पहिल्यांदा गेलो तेव्हा तोच वास आला, धुळीचा आणि जुन्या वायरींचा, आणि तिथेच पहिली सिल्व्हरटोन हातात आली. तेव्हापासून या स्वस्त गिटारींचं वेड आहे ते आहे.

आता तुला एक गोष्ट आधी सांगतो कारण ती कळली की पुढचं सगळं सोपं होतं. या गिटारींच्या डोक्यावर जे नाव असतं ते बनवणाऱ्याचं नसतं, विकणाऱ्याचं असतं. सिल्व्हरटोन म्हणजे सीअर्स या दुकानाचं नाव. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यात तेव्हा सीअर्सचा जाडजूड कॅटलॉग घरोघरी यायचा, त्यात ट्रॅक्टरचे भाग, कपडे, शिलाई मशीन आणि त्याच पानांमध्ये गिटारी. सीअर्स स्वतः गिटार बनवायचं नाही, वेगवेगळ्या कारखान्यांकडनं घ्यायचं, म्हणून एक सिल्व्हरटोन शिकागोच्या हार्मनी कंपनीची असते, दुसरी शिकागोच्याच 'के' कंपनीची, तिसरी डॅनइलेक्ट्रोची आणि पुढे पुढे तर जपानच्या टेस्कोची. तसंच माँटगोमेरी वॉर्ड या दुसऱ्या दुकानाचं नाव एअरलाइन. म्हणून कोणी नुसतं 'सिल्व्हरटोन आहे' म्हणालं तर त्याने काहीच कळत नाही, मॉडेल नंबर विचारायचा आणि फोटो बघायचा.

तुझी १४४८ डॅनइलेक्ट्रोने बनवलेली आहे आणि ती तुझ्या माझ्या गावची आहे असं म्हटलं तरी चालेल. नेथन डॅनियल नावाच्या माणसाने १९४७ मध्ये कंपनी काढली, आधी ॲम्प बनवायचा, मग १९५४ च्या सुमारास गिटारी सुरू केल्या. कारखाना न्यू जर्सीतच, आधी रेड बँकला आणि मग नेप्च्यूनला, म्हणजे एडिसनहून पार्कवेने पाऊण तासावर. १४४८ आली १९६२ मध्ये. त्या माणसाची डोकेबाजी बघ. गिटारीची बॉडी म्हणजे लाकडाची साधी चौकट आणि वर खाली हार्डबोर्ड. हार्डबोर्ड म्हणजे आपण शाळेत परीक्षेला जो पॅड न्यायचो ना, चाप लावलेला तपकिरी, अगदी तोच माल. कडेला कापलेलं दिसू नये म्हणून भोवती विनाईलची पट्टी चिकटवलेली. आणि पिकअप? मॅग्नेटची पट्टी, तिच्याभोवती तार गुंडाळलेली, आणि ते सगळं लिपस्टिकच्या क्रोम केलेल्या नळीत सरकवलेलं. खरोखरच्या लिपस्टिकच्या नळ्या, त्या बनवणाऱ्यांकडनं घेतलेल्या. म्हणूनच त्याला आजपर्यंत लिपस्टिक पिकअप म्हणतात. १४४८ ला असा एक पिकअप आणि केसमधल्या ॲम्पला ५ इंची स्पीकर, तिची मोठी बहीण १४४९, तिला दोन पिकअप आणि ८ इंची स्पीकर. एखाद्या पोराने नाताळला हट्ट केला की बापाने कॅटलॉगमधनं मागवायची, पेटी उघडली की गिटार बाहेर, पेटीचाच ॲम्प, सगळं एकात.

लोक हे ऐकून हसतात, परीक्षेचा पॅड आणि लिपस्टिक. मला मात्र यात हसण्यासारखं काही वाटत नाही. त्या माणसाने विचार केला की पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे नाही. लाकडात वाचवला, रंगात वाचवला, पण मानेत दोन पोलादी पट्ट्या टाकल्या, आणि साठ वर्षांनी आज माझ्याकडे येणाऱ्या डॅनइलेक्ट्रोंपैकी बहुतेकींची मान सरळ असते. त्याच काळातल्या त्याच्यापेक्षा महागड्या गिटारींच्या माना केळ्यासारख्या वाकलेल्या बघितल्यात मी.

हेच मुख्य सांगायचंय तुला. स्वस्त जुन्या गिटारीत दोन प्रकारचे दोष असतात, एक जे तासाभरात जातात आणि दुसरे जे गिटारीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे खातात, आणि दुसऱ्या प्रकारातले जवळजवळ सगळे मानेत असतात. रंग उडालाय, बटण खरखरतंय, जॅक ढिला आहे, एखादी खुंटी फिरत नाही, कोणीतरी पाठीमागे खिळ्याने नाव कोरलंय, हे सगळं सोड. मान बघ.

कशी बघायची ते सांगतो. गिटार डोळ्यासमोर आडवी धर, डोक्याच्या बाजूने नेम धरल्यासारखं मानेच्या दोन्ही कडांवरनं बॉडीकडे बघ. दोन्ही कडा एकसारख्या जात असतील तर ठीक. एक कड वर आणि दुसरी खाली अशी पिळवटलेली दिसली, ओला टॉवेल पिळल्यासारखी, तर गिटार खाली ठेव आणि घरी जा, कितीही सुंदर असली तरी. मग सहावी म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि मान बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघ. पाव मिलिमीटर म्हणजे साधारण व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असावी. एक-दीड मिलिमीटर दिसली तर मान पुढे वाकलीये. नव्या गिटारीत अशा वेळी ट्रस रॉडचा, म्हणजे मानेतल्या सळईचा, नट अर्धा फेरा फिरवला की काम होतं, पण या स्वस्त गिटारींपैकी कितीतरींच्या मानेत फिरवता येणारा रॉडच नाही. डॅनइलेक्ट्रोत नाही. हार्मनीच्या वरच्या मॉडेलमध्ये असायचा, खालच्या मॉडेलमध्ये नुसता पोलादी बार टाकून डोक्यावर तसं छापलेलं असायचं. टेस्कोत काहींना आहे काहींना नाही. म्हणजे रॉड नसलेली मान वाकली असेल तर फ्रेट काढून फिंगरबोर्ड रंधून पुन्हा फ्रेट टाकायचे किंवा उष्णता देऊन दाबून बसवायची, दोन्ही कामं दिवसभराची आणि उष्णतेचं काम तर टिकेलच याची खात्री कोणी देत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तारांची उंची, ॲक्शन. बाराव्या फ्रेटवर मोज. इथे एक सोपी युक्ती आहे, खिशातली नाणी. अमेरिकेचं क्वार्टर १.७५ मिलिमीटर जाड असतं आणि निकेल १.९५. बाराव्या फ्रेटवर ठेवलेलं निकेल सहाव्या तारेला जेमतेम टेकतंय तर फारच छान. एकावर एक दोन निकेल ठेवूनही वर जागा उरते म्हणजे चार मिलिमीटरच्या वर गेलं, बोटं सोलून निघतील. पण घाबरून जाऊ नकोस, आता बघ की मान बॉडीला स्क्रूने लावलीये की सरसाने चिकटवलीये. पाठीमागे तीन-चार स्क्रू दिसले तर मान काढून सांध्यात पातळ पाचर घालून कोन बदलता येतो, फार तर अर्ध्या तासाचं काम आहे आणि बऱ्याचदा चार मिलिमीटरचे दोन होतात. तुझ्या दोन्ही गिटारी अशाच स्क्रूवाल्या आहेत. पण हार्मनी रॉकेटसारख्या पोकळ बॉडीच्या गिटारींची मान चिकटवलेली असते, तिचा कोन गेला असेल तर वाफ देऊन सांधा सोडवायचा, नव्याने कापायचा, पुन्हा चिकटवायचा, आणि त्याचं बिल गिटारीच्या किमतीइतकं येऊ शकतं. विकणारा म्हणतो 'ॲक्शन थोडी वर आहे, साधा सेटअप करून घ्या'. या वाक्यावर मी स्वतः फसलोय. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका घरातल्या विक्रीत एक देखणी जपानी गिटार १४० डॉलरला घेतली, घाईत मान बघितलीच नाही, मागे दुसरा गिऱ्हाईक उभा होता म्हणून. घरी येऊन बघतो तर मान पिळलेली. तिचे पिकअप काढून दुसऱ्या गिटारीत लावले, मान अजून भिंतीवर टांगलीये, शिकायला येणाऱ्या पोरांना पीळ म्हणजे काय ते दाखवायला.

फ्रेट बघताना एवढंच की या गिटारींचे फ्रेट मुळातच बारीक आणि बुटके असतात, काही जुन्या हार्मनी आणि केच्या गिटारींत तर पितळेचे, ते लवकर झिजतात. पहिल्या तीन फ्रेटवर तारांच्या खाली खोल खाचा पडल्या असतील तर समतल करून घ्यायला उंचीच उरलेली नसते, मग नवे फ्रेट, मग पैसे. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा वाजवून बघ, सावकाश, विकणारा कंटाळला तरी. एखाद्याच जागी जवारी काढल्यासारखा झणझणाट आला तर फ्रेट वर उचललेला असेल, तो ठोकून बसतो. सगळीकडेच आला तर पुन्हा मानेकडे बघ. तंबोऱ्याला जवारी हवी म्हणून मिरजेचे कारागीर दिवस दिवस घोडी घासतात, इथे तीच गोष्ट नकोय म्हणून आम्ही घासतो, कान मात्र तोच लागतो.

आता टेस्कोकडे येतो. टेस्को १९४६ मध्ये टोकियोत सुरू झाली, अत्सुओ कानेको नावाचा हवाईयन गिटार वाजवणारा कलाकार आणि मात्सुदा नावाचा इलेक्ट्रिकल इंजिनियर, दोघांनी मिळून. म्हणजे वाजवणारा एक आणि वायरी जोडणारा एक, मला ही जोडी फार आवडते. सुरुवातीला मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारी, मग इकडच्या पद्धतीच्या. आणि मग १९६४ च्या ९ फेब्रुवारीला बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर एड सुलिवनच्या कार्यक्रमात आले, सात कोटींच्या वर लोकांनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून देशातल्या प्रत्येक पोराला गिटार हवी झाली. शिकागोचे कारखाने दिवसरात्र चालवूनही मागणी पुरेना. हार्मनीने त्या दशकाच्या मध्यात वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास वाद्यं विकली, तरी पुरेना, आणि ती जागा जपानने भरली. टेस्को डेल रे हे नाव अमेरिकेच्या बाजारासाठीच ठेवलेलं. त्याच सुमाराला जपानमध्येही व्हेंचर्स या अमेरिकन बँडच्या दौऱ्यांनंतर 'एलेकी'चं वेड लागलं, एलेकी म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, शाळांनी पोरांना बंदी घालण्यापर्यंत गोष्ट गेली. कारखाने चढाओढीने पिकअप वाढवत गेले, दोन, तीन, चार, प्रत्येकाला वेगळं बटण, सूर हलवणारा ट्रेमोलोचा दांडा, चकचकीत पत्रे. तुझी ती चार पिकअपवाली त्याच वेडाचं लेकरू आहे. आणि मग लाट ओसरली तशी धडाधड सगळं बंद. टेस्को १९६७ मध्ये कावाईने घेतली, केचा कारखाना १९६८ च्या सुमारास गेला, डॅनइलेक्ट्रो १९६९ ला बंद, हार्मनी १९७५ ला.

टेस्कोबाबत तुला एक खास काळजी घ्यायला सांगतो. तिचे काही पिकअप ज्यांना गोल्ड फॉइल म्हणतात, म्हणजे वरच्या पत्र्याच्या जाळीतनं खाली सोनेरी कागद चमकतो तसे, ते गेल्या काही वर्षांत फार महाग झालेत. त्याला एक कारण म्हणजे अमेरिकन गिटारवादक राय कूडर. त्या माणसाने आपल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारीत मानेजवळ टेस्कोचा गोल्ड फॉइल बसवला, स्लाइड म्हणजे बोटात नळी घालून तारेवर घसरवत वाजवताना त्याचा जो मोकळा, श्वास घेतल्यासारखा आवाज येतो तो लोकांनी ऐकला आणि मग जगभर टेस्को फाडून पिकअप काढायची लाटच आली. म्हणजे आज बाजारात अशा टेस्को फिरतायत ज्यांचे मूळचे पिकअप गेलेत आणि भलतेच बसवलेत. चारही पिकअप एकसारखे आहेत का, त्यांचे स्क्रू एकाच वयाचे दिसतायत का, पिकअपभोवती जुन्या मोठ्या पिकअपची रेघ किंवा जास्तीची भोकं दिसतायत का ते बघ. आणि चार असले म्हणून चौपट चांगली असं काही नाही हं, खरं सांगायचं तर दोन पिकअपवाल्या टेस्को मला जास्त आवडतात, चार पिकअपचं वायरिंग जुनं झालं की कुठे तुटलंय ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

पिकअप जिवंत आहे का ते बघायला ॲम्पही लागत नाही. पंधरा-वीस डॉलरचा मल्टीमीटर आण, गिटारीत केबल लाव, व्हॉल्यूम पूर्ण उघड, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनचं टोक आणि दांडा यांच्यावर मीटर टेकव. लिपस्टिक पिकअप चार-पाच किलो-ओहमच्या आसपास दाखवतो. गोल्ड फॉइलचा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो पण काही किलो-ओहम तरी दिसलेच पाहिजेत. शंभर-दोनशे किलो-ओहमच्या पुढचा आकडा दिसला तर आत तार तुटलीये आणि तू नुसत्या व्हॉल्यूमच्या पॉटचा (बटणाखालच्या फिरत्या भागाचा) आकडा वाचतोयस. तार तुटलेला पिकअप पुन्हा गुंडाळून मिळतो, पण ते पैसे किमतीतनं कमी करून माग. बटण खरखरणं म्हणजे काही नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस वेळा मागेपुढे फिरवलं की जातं. आणि हे पिकअप मेणात बुडवलेले नसतात, त्यामुळे आवाज खूप वाढवला तर शिट्टी मारतात, ते त्यांच्या स्वभावातच आहे, बिघाड समजू नकोस. उलट बोटाने बॉडीवर टिचकी मारली तरी ॲम्पमधनं ऐकू येते ना, त्याच्यामुळेच त्या आवाजात लाकूड असल्यासारखं वाटतं.

वय ओळखायचं तर अमेरिकन गिटारींमध्ये पॉटच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. १३७ ने सुरू झाला तर सीटीएस कंपनीचं पॉट, ३०४ ने झाला तर स्टॅकपोलचं, आणि पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा. म्हणजे १३७६४३२ असेल तर १९६४ चा बत्तिसावा आठवडा. गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही, नंतरची असू शकते, कारण पॉट गोदामात पडून राहायचे. हार्मनीत बॉडीच्या आत एफ किंवा एस अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे शाईने उमटवलेले असतात, टॉर्च लावून बघावं लागतं. जपानी गिटारींना हे लागू नाही. अजून एक, पिकगार्ड कचकड्याचं असेल म्हणजे सेल्युलॉइडचं, आणि ते आक्रसून तडकत असेल तर त्यातनं निघणाऱ्या वाफेने शेजारचे स्क्रू आणि तारा हिरव्या पडून गंजतात. तसं दिसलं तर ते पिकगार्ड काढून वेगळं ठेवायचं, केसमध्ये गिटारीबरोबर कोंडायचं नाही.

घरी आणल्यावर पहिली चूक सगळे करतात ती तारांची. नवी म्हणून ०.००९ इंचाची बारीक तार चढवतात आणि मग म्हणतात तिसरी तार सुरात लागत नाही, गिटारच बेसूर. अरे त्या काळी तारा जाड होत्या आणि तिसरी म्हणजे जी ची तार गुंडाळलेली असायची, तारा बॉडीवर जिथे टेकतात तो ब्रिज तसाच कापलेला आहे. डॅनइलेक्ट्रोला तर पत्र्यावर ठेवलेली एक लाकडी पट्टी म्हणजेच ब्रिज, प्रत्येक तारेला वेगळं सरकवता येत नाही. गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा ०.०११ चा संच लाव, पट्टी बोटाने थोडी तिरकी कर, बाराव्या फ्रेटचा सूर आणि मोकळ्या तारेचा वरचा सा जुळवून घे, आणि मग ऐक. मी कित्येकदा बघितलंय, वर्षभर कोपऱ्यात पडलेली गिटार तारांच्या एका संचाने माणसात येते. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, खाचा पण एकदा बघून घे, तार अडकून टिक्क आवाज करत असेल तर खाचेत पेन्सिलचं शिसं घास.

आणि वाजवताना तिच्याकडनं फेंडरचा किंवा गिब्सनचा आवाज मागू नकोस. इथे बहुतेकांचं चुकतं, ते हिला एका महागड्या गिटारीची गरीब नक्कल समजून ऐकतात आणि निराश होतात. लिपस्टिक पिकअपचा आवाज पातळ आहे पण स्वच्छ आहे, काचेच्या बांगड्या वाजल्यासारखा. दोन पिकअपच्या डॅनइलेक्ट्रोत दोन्ही एकदम चालू केले की ते एकापाठोपाठ एक जोडले जातात, बाकीच्या गिटारींसारखे शेजारी शेजारी नाही, त्यामुळे मधल्या जागी आवाज एकदम भरून येतो. लेड झेपलिनच्या जिमी पेजसारख्या माणसाने, ज्याच्याकडे जगातली कुठलीही गिटार होती, डॅनइलेक्ट्रो ठेवलीच. शिकागोचा हाउंड डॉग टेलर स्वस्त जपानी गिटार घेऊन स्लाइड वाजवायचा, छोट्या ॲम्पचा आवाज फाटेस्तोवर वाढवून, त्याचं वाजवणं ऐक आणि मग सांग की खेळणं होतं का ते. छोटा ॲम्प घे, गेन कमी, बोटांनी वाजव, तारेला जोराने आणि हळू मारून बघ, ती लगेच उत्तर देते. मी दुरुस्ती संपल्यावर प्रत्येक गिटार रात्री पाच मिनिटं तरी एकटा वाजवून बघतो, आणि महागड्या गिटारींपेक्षा या गिटारींबरोबर ती पाच मिनिटं अर्ध्या तासावर जातात.

रंग घासून नव्याने मारू नकोस, मूळच्या खुंट्या बदललास तर काढलेल्या डबीत घालून ठेव, नवीन भोकं पाडू नकोस. एवढं पुरे त्याबद्दल.

'लॉसूट' (खटला) हा शब्द जाहिरातीत दिसला तर सावध हो. १९७७ मध्ये गिब्सनची मालक असलेल्या नॉर्लिन कंपनीने इबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या वितरकावर गिटारीच्या डोक्याच्या आकारावरनं दावा केला होता, तो मिटला. एवढीच गोष्ट आहे, पण आता १९७० च्या दशकातली कुठलीही जपानी नक्कल त्या शब्दाखाली दुप्पट भावाने विकतात. आणि जर तुला शोभेपेक्षा वाजवायलाच जुनी आणि बरी गिटार हवी असेल तर १९८० च्या आसपासच्या मात्सुमोकु कारखान्यातल्या बघ, आरिया प्रो टू, वेस्टोन, व्हँटेज अशा नावांनी विकलेल्या. हा कारखाना आधी शिलाई मशीनची लाकडी कपाटं बनवायचा, लाकडाचं काम त्यांच्या हातात होतं आणि ते मानेला हात लावला की कळतं. कारखाना १९८७ मध्ये बंद झाला. १९६० च्या दशकातल्या गिटारींइतकी मजा त्यांच्या दिसण्यात नाही पण दुरुस्तीचा त्रास निम्म्याहून कमी.

आता नाशिकला न्यायचं. दोन गोष्टी, दोन्ही नीट वाच. पहिली, केसमधला ॲम्प १२० व्होल्टचा आहे, भारतात सरळ लावलास तर जळेल, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या काळातल्या काही स्वस्त छोट्या ॲम्पमध्ये वीज वेगळी करणारा ट्रान्सफॉर्मरच नसायचा, घरातली वीज थेट आतल्या पत्र्यापर्यंत यायची आणि गिटारीची तार हातात म्हणजे माणूस विजेला जोडलेला. म्हणून कुठलाही जुना ॲम्प जाणकाराने उघडून बघितल्याशिवाय, कपॅसिटर आणि तीन पिनची वायर बदलल्याशिवाय चालू करायचा नाही, विकणारा 'आत्ताच लावून दाखवतो' म्हणाला तरी गिटार हातात घेऊन तू उभा राहू नकोस. दुसरी गोष्ट फिंगरबोर्डचं लाकूड. त्या काळातल्या डॅनइलेक्ट्रो आणि हार्मनीच्या बऱ्याच गिटारींवर ब्राझिलियन रोजवूड आहे, तेव्हा ते स्वस्त होतं, आणि १९९२ पासून ते आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सगळ्यात कडक यादीत आहे. बाकीच्या रोजवूडच्या तयार वाद्यांना २०१९ नंतर सूट मिळाली, ब्राझिलियनला नाही. म्हणजे ती देशाबाहेर न्यायची तर अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याकडनं आधी परवाना घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, डिसेंबरसाठी आत्ताच विचारायला हवं. नाहीतर गिटार इथेच ठेव, शिक्षण संपेपर्यंत वाजव.

मी तुझ्या जागी असतो तर सिल्व्हरटोन घेतली असती. मान सरळ असायची शक्यता जास्त, एकच पिकअप म्हणजे बिघडायला कमी, ती इथल्याच मातीतली आहे, आणि ॲम्प बंद पडलेला असला तरी केससकट पूर्ण जोडी मिळणं सोपं नाही. टेस्कोची मान नेम धरून बघ, चारही पिकअप मीटरवर बोलले आणि मान सरळ निघाली तर मग मला पुन्हा विचार, कारण मग माझं मत बदलू शकतं. जाताना मल्टीमीटर, केबल, छोटी स्टीलची पट्टी, टॉर्च, ट्यूनर आणि खिशात चार निकेल घेऊन जा. सकाळी लवकर जा, उन्हात मान नीट दिसते. आणि दोन्हींच्या मानेचे डोक्याकडनं काढलेले फोटो टाक इथे, मी रात्री बघून सांगतो.